अहिरे सिस्टरना बेशुद्ध पडता येत नाही

आमच्या बाळकुमच्या स्विमिंग पूलवर आता सगळेच जण पायात प्लॅस्टिकची पिशवी घालून वेटसूट चढवतात. वेटसूट म्हणजे डायव्हिंगचा तो जाड रबरी पोशाख. ओल्या अंगावर तो असा चिकटतो की घोट्यापासून गुडघ्यापर्यंत यायलाच माणूस घामाघूम होतो. पण पाय आधी पिशवीत आणि मग पिशवीसकट सुटात घातला, की सर्रकन आत जातो. नव्या बॅचच्या मुलांना वाटतं ही युक्ती इंटरनेटवरची आहे. असेलही. आमच्याकडे मात्र ती अहिरे सिस्टरनी आणली, आणि त्यांच्या काळात पिशवी कुठलीही चालत नसे. साडीच्या दुकानाचीच लागायची. किराण्याची पिशवी अंगठ्याला फाटते, असं त्या सांगायच्या आणि ज्याची फाटायची त्याच्याकडे, इंजेक्शनला घाबरणाऱ्या पोराकडे बघावं, तसं बघायच्या.

ही युक्ती त्यांनी शोधली होती ती एकाच कारणासाठी. सूट चढवायला दुसऱ्या कुणाची मदत घ्यावी लागू नये म्हणून. सुटाची चेन पाठीवर असते, ती ओढायला दोरी असते. सिस्टरनी त्या दोरीला परकराची नाडी बांधून ती लांब केली होती. मी पहिल्या दिवशी त्यांची चेन लावायला पुढे झाले तर त्यांनी खांद्यावरून नाडी पुढे घेतली, एका झटक्यात चेन मानेपर्यंत नेली आणि मलाच विचारलं, "तू सकाळी काही खाल्लंस का? तोंड बघ केवढंसं झालंय."

मी खाल्लं होतं. पण ते सांगेपर्यंत माझ्या हातात चिक्की आलेली होती.

अहिरे सिस्टर सरकारी हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या. सगळा जन्म वॉर्डात गेला. राहायला वर्तकनगरला, कॉलनीतल्या एका बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. मिस्टर जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा-सून बंगळुरूला. निवृत्तीनंतर मुलाने त्यांना मालवणला फिरायला नेलं आणि तिथे पर्यटकांना हात धरून पाण्याखाली फिरवून आणतात तसं आणलं. मुलाची कल्पना अशी, की आईचा एक फोटो होईल. सिस्टर वर आल्या, तोंडातली नळी काढली आणि बोटवाल्याला म्हणाल्या, "परत." लहानपणी नाशिककडे विहिरीत पोहायला शिकलेली बाई. तिला पाणी नवीन नव्हतं, पण पाण्याखाली श्वास घेता येतो हे कुणी इतकी वर्षं सांगितलं नव्हतं, याचाच त्यांना राग आलेला.

माझी त्यांची गाठ पडली ती दुसऱ्या पायरीवर, ॲडव्हान्स्डच्या वेळी. आमचे ट्रेनर निनाद सर पहिल्याच तासाला सांगायचे, "पहिल्या कोर्सात तुम्ही स्वतःला सांभाळायला शिकता. ॲडव्हान्स्डमध्ये खोली आणि दिशा सांभाळायला. आणि रेस्क्यूमध्ये दुसऱ्याला." डायव्हिंगमध्ये प्रत्येकाला एक जोडीदार असतो. मी कुणाशी बोलत नव्हते आणि सिस्टर सगळ्यांशी बोलत होत्या, त्यामुळे निनाद सरांनी आमची जोडी लावली. त्यांचा हिशेब बहुधा सरासरीचा असावा.

निनाद सर वयाने सिस्टरच्या मुलाएवढे. त्या त्यांना "अरे निनाद" म्हणायच्या. फक्त सर रागावले, की सिस्टरच्या तोंडून सवयीने निघायचं, "हो डॉक्टर."

त्यांची सगळी भाषाच वॉर्डातली होती. पाण्यात उतरायच्या आधी सगळ्यांच्या पट्ट्या, बकला, नळ्या तपासणं म्हणजे राउंड. पाण्यातून वर येणं म्हणजे डिस्चार्ज. पाण्यात थांबून मागे वळून त्या मला बघायच्या, तेव्हा बोट उचलून मोजायच्याही. एकटीला काय मोजायचं असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि तब्येतीची चौकशी केली की उत्तर ठरलेलं. "सिस्टर, थंडी वाजतेय का?" "मला काय धाड भरलीय?" "सिस्टर, कान दुखतोय का?" "मला काय धाड भरलीय?" पाण्यावर तरंगताना हे वाक्य लांबून ऐकू जात नाही. तिथे खूण असते. डोक्यावर दोन्ही हातांचा मोठा गोल केला, की 'मी ठीक आहे'. एक हात उंच करून हलवला, की 'मदत हवी'. सिस्टरचा गोल बघण्यासारखा असे. कोपरं ताठ, बोटं जुळलेली, अगदी कवायतीतल्यासारखा. त्यांचा एक हात मात्र आम्ही कधी पाहिला नव्हता.

ॲडव्हान्स्डमध्ये मालवणला होकायंत्र घेऊन पाण्याखाली चौकोन पोहायचा होता. ठरावीक पाय मारायचे, वळायचं, पुन्हा पाय मारायचे, की जिथून निघालो तिथे परत. होकायंत्र सिस्टरच्या हातात, पाय मोजायचं काम माझ्याकडे. तिसऱ्या वळणावर मला दिसत होतं की आपण चुकतोय. मी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी माझा हात थोपटला आणि तशाच पुढे निघाल्या. आम्ही वर आलो तर आमची बोट दूर, काडेपेटीएवढी, आणि शेजारी एक मच्छीमारांची होडी. निनाद सर लांबून ओरडत होते. सिस्टरनी आधी त्यांना डोक्यावर गोल करून दाखवला, मग होडीतल्या माणसाला विचारलं, "काय दादा, सुरमई आहे का?"

तो बिचारा इतका दचकला की त्याने खरंच टोपली उचलून दाखवली.

सरांनी दुसऱ्या दिवशी तो चौकोन पुन्हा करून घेतला. या वेळी मी खांद्याला हात लावल्यावर त्या थांबल्या, पण कपाळाला आठ्या घालून. मास्कच्या आतल्या आठ्यासुद्धा दिसतात, हे मला तेव्हा समजलं.

रेस्क्यूचा कोर्स लावायचं त्यांच्या मनात का आलं, ते त्यांनीच एकदा सांगितलं. पूलवरून आम्ही एकाच रिक्षाने निघायचो. मी घर जवळ असूनही त्यांच्याबरोबर वर्तकनगर नाक्यापर्यंत जायचे, कारण त्यांच्याकडे चहा चांगला मिळायचा. त्यांच्या घरात शोकेसवर एक छोटी बुद्धमूर्ती, तिच्यापुढे रोजचं ताजं फूल आणि बाकी सगळं घर इतकं जागच्या जागी, की पेला उचलला तर परत ठेवताना भीती वाटावी. त्या दिवशी चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, "निनाद म्हणतो, बोटीवर एक बाई हवीय. नवशिक्या बायका येतात, त्यांना सूट चढवायला, पट्टे आवळायला पुरुष माणूस नको वाटतं. म्हणतो, रेस्क्यू करा, की सीझनभर बोटीवर तुमची जागा पक्की."

"मस्तच की," मी म्हटलं.

"अगं, पेन्शन मिळते मला. ड्यूटी नाही मिळत." आणि त्यांनी गाळणं जरा जोरातच आपटलं.

मग आम्ही दोघींनी रेस्क्यूला नाव घातलं. मला वाटलं होतं, या कोर्सात त्यांना कुणी शिकवायची गरज पडणार नाही. माणूस कोसळला तर काय करायचं, हे त्यांच्याइतकं बॅचमध्ये कुणाला माहीत होतं? आणि तिथेच सगळं घोडं पेंड खायला लागलं.

रेस्क्यूच्या सरावात जोडीतल्या एकाने बुडायचं आणि दुसऱ्याने वाचवायचं असतं. पहिल्या दिवशी सिस्टरनी मला वाचवलं. ते इतकं झकास, की मला कडेला आणून टाकल्यावर माझी नाडीसुद्धा बघितली. मग बुडायची पाळी त्यांची. बेशुद्ध माणसाचं काम सोपं असतं. पाण्यावर पालथं पडायचं आणि गप्प राहायचं. वाचवणाऱ्याने पोहत जायचं, त्याला उताणं करायचं, दोघांच्या जॅकेटमध्ये हवा भरायची, कमरेचा शिशाच्या वजनांचा पट्टा सोडायचा, श्वास आहे का बघायचं, आणि मुख्य म्हणजे 'मदत! मदत!' असं मोठ्याने ओरडायचं.

मी त्यांना उताणं केलं. त्यांचे डोळे मिटलेले. मी त्यांच्या पट्ट्याचं बक्कल शोधू लागले.

"डावीकडे," बेशुद्ध सिस्टर म्हणाल्या.

मी डावीकडे बघितलं.

"माझ्या डावीकडे. तुझ्या नाही. हां. आता ओढ."

"सिस्टर," कडेवरून निनाद सर म्हणाले, "तुम्ही बेशुद्ध आहात."

"हो डॉक्टर." डोळे पुन्हा मिटले. मी जॅकेटमध्ये हवा भरली. मान वर धरली. बेशुद्ध ओठ जेमतेम हलले, "हनुवटी अजून वर घे. श्वासनलिका मोकळी नाही झाली."

"सिस्टर!"

"अरे, पोरगी चुकतेय ते सांगायला नको? मी मेले असते एव्हाना!"

"मग मरा ना!" सर ओरडले, आणि सगळा पूल हसायला लागला. कडेला पोहायच्या क्लासला बसलेल्या आयासुद्धा. सिस्टर सगळ्यात जास्त हसल्या, आणि हसताना बुडू नये म्हणून स्वतःच पाय मारून तरंगायला लागल्या.

मी या सगळ्यात एकदाही 'मदत' ओरडले नव्हते. ओरडणं मला जमत नाही. आमच्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं तर बाई 'मोठ्याने नको' म्हणायच्या आणि इंग्रजी बोललं तर मला स्वतःलाच मोठ्याने नको वाटायचं. सरांनी तीन-चारदा सांगितलं, मी तीन-चारदा पुटपुटले. पुढच्या खेपेला तर सिस्टरच बेशुद्धावस्थेत पडल्या पडल्या माझ्या वतीने ओरडल्या, "मदत! इकडे! लवकर या!" असं खणखणीत, की खरा लाइफगार्ड धावत आला.

निनाद सरांनी कपाळावर हात मारला. मग कडेवर उकिडवे बसून त्यांनी आम्हाला सांगितलं ते हसण्यावारी नव्हतं. "ईशाचा आवाज येईल हळूहळू. मला काळजी तुमची आहे, सिस्टर. दुसऱ्याला वाचवणारा माणूस स्वतः कधी संपला ते त्याला कळलं पाहिजे. तुम्हाला दुसऱ्याच्या हातात अंग सोडताच येत नाही."

"मला काय—"

"तेच. तेच वाक्य."

मालवणला शेवटची परीक्षा होती. त्यात एक प्रकार असा, की दमलेल्या माणसाला पाण्यावरून ओढत बोटीपर्यंत आणायचं. सिस्टर मला ओढत होत्या. वारा सुटलेला, पाण्याला समोरून ओढ. मी उताणी, तोंड आभाळाकडे, आणि मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. आधी लयीत येणारा, मग तुटक, मग शिट्टीसारखा. बोट जवळ येत नव्हती. सरांनी बोटीवरून विचारलं, "ठीक आहात?"

सिस्टरनी मला सोडलं आणि डोक्यावर दोन्ही हातांचा गोल केला. कोपरं ताठ. गोल करता करता त्यांचं तोंड पाण्याखाली गेलं. वर आल्या, खोकल्या, पुन्हा गोल केला.

सरांनी दोर टाकला आणि आम्हा दोघींना ओढून घेतलं. बोटीवर सिस्टरचे ओठ निळसर झालेले. मी त्यांना टॉवेल द्यायला गेले तर त्यांनी तो घेऊन माझ्याच डोक्यावर टाकला.  किनाऱ्याला लागल्यावर सर त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, रेस्क्यू मी तुम्हाला देत नाही. आज नवशिकी बाई तुमच्या हातात असती तर दोघी गेल्या असत्या. आणि मला कळलंसुद्धा नसतं. कारण तुम्ही मला ठीक आहे सांगत होतात."

"हो डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या. फार हळू.

ठाण्याला परत येताना गाडीत त्यांनी कुणाला चिक्की दिली नाही. वर्तकनगरला उतरताना मी त्यांच्या बॅगेला हात लावला. ती बॅग म्हणजे पायात घालायच्या रबरी फिन्स, बूट, मास्क, सूट, साडीच्या दुकानाच्या पिशव्या आणि बहुधा अर्धा दवाखाना. "राहू दे," त्या म्हणाल्या. "ती माझ्या हाताने भरलीय, माझ्याच हाताने उचलते." आणि तीन मजले चढून गेल्या. मी खाली उभी राहून जिन्यातला आवाज ऐकत होते. प्रत्येक मजल्यावर तो थोडा वेळ थांबत होता.

पुढच्या आठवड्यात त्या पूलवर येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. आल्या. सूट चढवला, नाडीने चेन ओढली, पाण्यात उतरून पालथ्या पडल्या आणि गप्प राहिल्या. मी बक्कल चुकीच्या बाजूला शोधलं. गप्प. मी हनुवटी धड उचलली नाही. गप्प. फक्त त्यांच्या पायाच्या अंगठ्याची सारखी उघडझाप चालली होती. मला सांगायचं राहून गेलेलं ते सगळं त्या अंगठ्यातून बाहेर पडत असणार. असे कितीतरी रविवार गेले. मीही तोवर 'मदत' म्हणायला शिकले, निदान बाळकुमच्या पूलच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल इतपत. सिस्टर शुद्धीवर आल्या की आधी माझ्या चुका सांगायच्या, बोटांवर मोजून. पण शुद्धीवर आल्यावर.

सीझन संपायच्या आधी सरांनी पुन्हा मालवणला नेलं. तोच प्रकार, तोच समुद्र, वारा थोडा कमी. सिस्टर मला ओढत होत्या. पुन्हा तो श्वास. लयीत, मग तुटक. मी वर आभाळाकडे बघत मनातल्या मनात म्हणत होते, सिस्टर, आता, आता. सांगायला मला बंदी होती. सरांनी दमलेल्या माणसाने बोलायचं नाही असं बजावलेलं.

बोटीवरून हाक आली, "ठीक आहात?"

शिट्टीसारखा श्वास थांबला. मला वाटलं आता गोल. मग माझ्या जॅकेटवरची त्यांची पकड तशीच राहिली आणि दुसरा हात हळूहळू पाण्यातून वर गेला. एकच. उंच. त्यांनी तो हलवला, एकदा, मग दोनदा, जसं काही त्यांना खात्री नव्हती की तो आपलाच आहे.

"भरली बाई," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "भरली एकदाची धाड."

आता मी वळले. आता वाचवणारी मी. मी त्यांना उताणं केलं, जॅकेटमध्ये हवा भरली आणि पाय मारायला लागले. त्यांचं अंग पहिल्यांदाच खरोखर जड लागत होतं, कारण त्या ते स्वतः पेलत नव्हत्या. दमलेल्या माणसाशी सतत बोलत राहायचं असतं, धीर द्यायचा असतो. मला काही सुचेना. वर्तकनगर ते बाळकुम, आमचा रिक्षाचा रस्ता तेवढा आठवला. "सिस्टर, हे वर्तकनगर," मी म्हटलं. "नाका गेला. आता सिग्नल. आता माजिवडा. इथे ट्रॅफिक आहे, थोडं थांबूया. आता कापूरबावडी. आलंच बाळकुम. आलंच."

सिस्टर डोळे मिटून ऐकत होत्या. कापूरबावडीला त्यांचे ओठ जरा हलले. पण त्या काही बोलल्या नाहीत.

बोटीच्या शिडीशी सरांनी त्यांचा हात धरला. तो त्यांनी धरू दिला. शिडीवर पाय ठेवल्यावर मात्र राहवलं नाही. "माजिवड्याच्या आधी सिग्नल नाही गं तो," त्या मला म्हणाल्या, "नंतर आहे." निनाद सर हसत हसत शिडीवरून पडायला आले होते. रेस्क्यू आम्हाला दोघींनाही मिळालं.

दिवाळीनंतर नवा सीझन सुरू झाला तेव्हा सिस्टर मालवणला निघाल्या, ड्यूटीवर. सीझनभर तिथेच राहणार होत्या. अधूनमधून कळतं की त्यांनी बोटीवर राउंड सुरू केलेत, आणि त्यांच्या समोर कुणी रिकाम्या पोटी पाण्यात उतरत नाही. मी कामात अडकले, मला जायला जमलेलं नाही. मला त्या दिसतात त्या निघण्याच्या दिवशीच्या.

ठाण्याच्या एसटी स्टँडसमोर मी रस्त्याच्या एका बाजूला, त्या दुसऱ्या बाजूला रिक्षातून उतरलेल्या. शेजारी ती बॅग. मला बघून त्यांनी बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला. बॅग उठली, अर्धी, आणि पुन्हा खाली टेकली. मग रस्त्याच्या कडेला, भर रहदारीत, त्यांनी एक हात सरळ वर केला आणि हलवला.

दोन रिक्षा करकचून थांबल्या.

"तुम्हाला नाही रे!" सिस्टर म्हणाल्या. "तिला! ती काय तिथे, चष्मेवाली!"

मी रस्ता ओलांडून गेले. एक पट्टा त्यांनी घेतला, एक मी. बॅग दोघींच्या मध्ये लोंबत, माझ्या पोटरीला फिन्स टोचत, आम्ही स्टँडमध्ये गेलो. जड होती. त्या स्वतःच तसं म्हणाल्या.

गाडी सुटायला आली तेव्हा मी खिडकीखाली उभी राहून विचारलं, "सिस्टर, ठीक ना?"

"मला काय—" त्या थांबल्या. खिडकीच्या गजावर बोटं वाजवली. "गुडघा दुखतोय गं जरा. दोन दिवस झाले."

"औषध घेतलंय?"

"ते मी बघते. मला शिकवू नकोस."

गाडी हलली. मला काहीतरी मोठ्याने म्हणायचं होतं, पण आजूबाजूला पोती, पिशव्या, माणसं, कंडक्टरची घंटी. मग मी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि गोल केला. स्टँडवरची सगळी माणसं बघायला लागली. एक लहान मुलगी आईचा पदर ओढून माझ्याकडे बोट दाखवत होती. मी हात खाली घेणारच होते.

खिडकीतून सिस्टर वाकल्या. मला वाटलं, कौतुकाने बघतायत. पण त्यांच्या कपाळाला त्याच आठ्या होत्या, आणि त्या दोन बोटांनी खुणावत होत्या, वर, अजून वर, कोपरं ताठ.

मी कोपरं वर घेतली.